ओव्याचं तेल आणि नऊशेपट माल

टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये ओव्याचा घमघमाट सुटतो. कडुनिंब-हळदीने जंतू मरतात का, असले प्रोजेक्ट वाचून मला वीट आलाय, म्हणून मीच मुलांना लालबागला पिटाळते. ओवा तळहातावर चोळायचा, नाकात झणका बसला तरच घ्यायचा.

भरडून क्लेव्हेंजरला, म्हणजे वाफेवर तेल काढायच्या काचेच्या उपकरणाला, लावला की शंभर ग्रॅममागे साधारण दोन ते चार मिली तेल सुटतं. त्यात मोठा वाटा थायमॉल या जंतुनाशक रसायनाचा, बाकी मुख्यतः गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन. यातलं पॅरा-सायमीन म्हणजे थायमॉलचाच सांगाडा, फक्त हायड्रॉक्सिल (ओएच) गट नसलेला. आणि एकटं असलं की जंतूंपुढे अगदीच लेचंपेचं. तो एक ओएच काय करतो, हे मुलांना इथे नीट कळतं. थायमॉल जंतूच्या पटलात घुसतं, पटल गळायला लागतं, आतले पोटॅशियम आयन आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर पडतात.

काष्ठौषधीच्या दुकानातलं ओव्याचं फूल म्हणजे हेच थायमॉल, खड्यांच्या रूपात. ते, कापूर आणि पुदिन्याचं फूल एका बाटलीत घालून हलवा: तिन्ही घन, पण एकमेकांचा वितळणबिंदू उतरवतात आणि पाणी होतं. झाली अमृतधारा! हे दाखवल्यावर मागच्या बाकावरचेसुद्धा फोन खाली ठेवतात.

मग प्लेटा: अगारच्या थरावर जंतू पेरायचे, मधे तेल घालायचं आणि भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजायचं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर छान मोठं वर्तुळ, ई. कोलायवर बरं, स्युडोमोनासवर जवळपास काही नाही. त्याचं बाहेरचं पटल दाद देत नाही. आणि लगेच निष्कर्षात वाक्य येतं, ‘अँपिसिलिनपेक्षा प्रभावी’. इथे माझा लाल पेन चालतो. अँपिसिलिन या अँटिबायोटिकच्या डिस्कवर, म्हणजे कागदाच्या चकतीवर, औषध असतं 10 मायक्रोग्रॅम. तुम्ही तेल ओतलंत 10 मायक्रोलिटर, म्हणजे जवळजवळ 9 मिलिग्रॅम. नऊशेपट माल घालून वर्तुळ मोठं आलं, तर त्यात कौतुक कसलं? शिवाय तेल अगारमध्ये धड पसरत नाही आणि वाफ होऊन उडतं ते वेगळंच. वर्तुळाच्या व्यासावर एवढा जीव टाकू नये.

‘मग मॅडम, आजीची अमृतधारा खोटी का?’ असं एकीने विचारलं. खोटी कशाला? पोटातला गुबारा हा प्लेटवरचा प्रश्नच नाही.

यंदाच्या मुलांनो, तेल ट्वीन 80 मध्ये (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) मिसळून ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ द्रवात, एमआयसी काढा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण. आणि नुसत्या ट्वीनची कंट्रोल ट्यूब लावल्याशिवाय माझ्याकडे सहीला येऊ नका.