पास आउट झाले, म्हणजे नेमकं काय झालं?

'आय पास्ड आउट इन 2016.' माझ्या क्लासला येणारी जवळपास प्रत्येक सिस्टर स्वतःची ओळख अशीच करून देते. मिरजेत त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इंग्लंडमधल्या वॉर्डात मात्र याचा रोजचा अर्थ चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं. सैन्यातले कॅडेट तिथेही आपल्यासारखेच पास आउट होतात म्हणा, ती परेड आपल्याकडे त्यांच्याकडूनच आली. पण नर्स होत नाहीत.

परदेशी निघालेल्या नर्सेसची मी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करून घेते. बोलण्याच्या परीक्षेत दोन रोलप्ले असतात, समोरचा माणूस पेशंट नाहीतर नातेवाईक होतो. मुलींना 'व्हॉमिटिंग', 'डिस्कंटिन्यू', 'कॉन्शस' हे शब्द झोपेतून उठवलं तरी येतात. घोडं अडतं ते गेट, कम, गो, पुट असल्या पहिलीतल्या क्रियापदांवर. कारण पेशंट 'आय व्हॉमिटेड' म्हणतीलच असं नाही, 'आय थ्रू अप' म्हणतात. सूज 'गोज डाउन', वेदनाशामकाचा असर 'वेअर्स ऑफ', आणि 'आय केम ऑफ द टॅब्लेट्स' म्हणजे गोळ्या बंद केल्या.

बाजारातल्या गाइडांमध्ये यांच्या याद्या असतात: लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इन्टू. पाठ करा, विसरा. मी क्रियापद सोडून शेपटाकडे, म्हणजे मागे जोडलेल्या छोट्या शब्दाकडे बघायला लावते. औषधांच्या बाबतीत 'ऑन' म्हणजे चालू, 'ऑफ' म्हणजे सुटलं. डॉक्टर पेशंटला स्टेरॉइडवर 'पुट ऑन' करतात, नंतर 'टेक ऑफ' करतात, मधल्या काळात तो 'स्टेज ऑन'. एवढं डोक्यात बसलं की निम्मी केसशीट उलगडते. मग कुणीतरी हुशार मुलगी विचारतेच, 'मॅडम, मग अलार्म गोज ऑफ म्हणजे बंद पडला ना?' नाही गं बाई, वाजला. दिवे 'वेन्ट ऑफ' झाले तर बंद झाले, दूध 'वेन्ट ऑफ' झालं तर नासलं. इथे माझं तर्कशास्त्रही हात टेकतं.

हे दुखणं जुनं आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जड जाते ती क्रियापदाला असा छोटा शब्द जोडायची ही रीत. त्याने दिलेल्या उदाहरणांत 'कम ऑफ'ही आहे, फक्त त्याच्या यादीत त्याचा अर्थ निसटणं.

मुली वैतागल्या की मी त्यांना त्यांच्याच ओपीडीत नेते. आपल्या बायका काय सांगतात? 'ताप अंगावर काढला.' 'बाळ अंगावर पितंय.' 'अंगावरून जातंय.' वर आणि वरून, एवढाच फरक, आणि तीन वेगळ्या केसेस! नवी आलेली केरळची सिस्टर हे ऐकून जशी गोंधळते, तशाच तुम्ही तिकडे गोंधळणार. तिला कुणी यादी दिली नव्हती, पेशंट ऐकून ऐकून ती शिकली.

उलटा रोगही आहे, नको तिथे शेपूट लावायचा. 'डिस्कस अबाउट' आपल्या तोंडी पटकन येतं, कारण मराठीत चर्चा कशाबद्दल तरी होते. इंग्रजीत नुसतं 'डिस्कस' पुरतं. 'कोप अप विथ' मधला 'अप' तर काढूनच टाका.

उच्चाराकडेही लक्ष हवं. 'लुक इट अप' मध्ये जोर 'अप'वर पडतो, 'लुक ॲट इट' मध्ये 'ॲट' जवळजवळ गिळला जातो. आमच्या मुली सगळेच शब्द सारखे ठासून म्हणतात, त्यामुळे ऐकतानाही त्या गिळलेल्या शब्दाची वाट बघत बसतात.

परवा 'कम राउंड'वरून क्लासमध्ये वाद पेटला. 'मम केम राउंड ॲट फोर.' एक गट म्हणे, आई चार वाजता शुद्धीवर आली. दुसरा म्हणे, आई चार वाजता भेटून गेली. दोन्ही बरोबर. आधी बघायचं, कॉटवर आई आहे की मुलगा.