एकाच करारातले वेगळे पैसे

अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं. खासगी कंपनीत सरकारी कंत्राटांचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या महिन्यात मान वर करायला फुरसत नसते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी बिल जुळवत बसले होते आणि 0002 या ओळीपाशी थबकले. त्या ओळीवर उरलेले पैसे जेमतेम सहा दिवस पुरणार होते.

करार संरक्षण खात्याशी, झालेला खर्च भरून मिळण्याच्या पद्धतीचा. त्यात तीन ओळी होत्या. इथे त्यांना सगळे 'क्लिन' म्हणतात. 0001 नव्या उपकरणाच्या संशोधनाची, 0002 वापरात असलेल्या यंत्रणेच्या देखभालीची, 0003 प्रवासाची. निधी प्रत्येकीचा वेगळा आणि बिलही ओळीनुसारच लावायचं.

प्रोजेक्ट मॅनेजरला फोन केला, तर तो निश्चिंत. "0001 वर भरपूर शिल्लक आहे ना? करार एकच, माणसंही तीच. या दोन आठवड्यांचे तास तिकडे टाकायला सांगतो सगळ्यांना."

त्याच्या मनात लबाडी नव्हती, हे मुद्दाम सांगते. नुसत्या एकूण रकमेकडे पाहिलं तर हे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकण्याइतकं साधं वाटतं. पण टाइमशीट म्हणजे आज मी कोणतं काम केलं, हे त्या माणसाने स्वतःच्या सहीनिशी सांगणं. देखभाल करून संशोधनाचे तास लिहिले, की ते खोटं. त्या तासांवर सरकारकडे पैसे मागितले, की तो खोटा दावा. आणि सही असते तंत्रज्ञाची. वरून सांगितलं म्हणून मुकाट्याने लिहिणारा, नोकरी टिकवून असलेला तो माणूस पहिला अडकतो. मला संताप आला तो याचा. टीमला असा निरोप मी जाऊ देणार नाही, असं मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग काय करायचं ते सांग."

मी करार उघडला, आणि माझीच चूक समोर आली. आतापर्यंतचा खर्च आणि येत्या 60 दिवसांतला अपेक्षित खर्च मिळून दिलेल्या निधीच्या 75 टक्क्यांवर जाणार असेल, तर सरकारच्या कंत्राट अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, असं कलम आहे. आमच्या करारात ते प्रत्येक ओळीला वेगळं लागू होतं. मी मात्र दर महिन्याला बेरजेचा आकडा पाहत होते, आणि बेरीज कधीच 75 टक्क्यांपर्यंत पोचली नव्हती. मॅनेजरवर चिडले होते ज्या समजुतीसाठी, तीच महिनोन्‌महिने माझ्या तक्त्यात बसलेली होती. ते पत्र जुलैतच जायला हवं होतं. मी ते त्याच संध्याकाळी लिहिलं, उशीर माझ्याकडून झाल्याचंही त्यात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कंत्राट अधिकारी बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, पण गुळमुळीतही बोलल्या नाहीत. "0001 चा पैसा संशोधनाच्या तरतुदीतला आहे, दोन वर्षांच्या मुदतीचा. 0002 चा देखभालीच्या तरतुदीतला, एकाच वर्षाचा. संसदेने ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामाला तो लावायचा, हा नियम 1809 सालच्या कायद्यापासूनचा आहे. तो तुम्हालाच काय, मलाही मोडता येत नाही." मग म्हणाल्या, "0003 कोणत्या निधीतून आहे ते बघा."

प्रत्येक निधीला करारात दोन अक्षरी खूण असते. 0001 ला 'एए' होती, 0002 ला 'एबी'. आणि प्रवासाच्या ओळीलाही 'एबी'! म्हणजे प्रवासाचा पैसा देखभालीच्याच तरतुदीतला होता. तो 0003 वरून सोडवून 0002 वर बांधता येत होता, पण बाईंच्या सहीच्या दुरुस्तीपत्रानेच, आणि 30 सप्टेंबरच्या आत.

त्यांना एक गोष्ट लेखी हवी होती: ठरलेले दोन दौरे खरोखरच नकोत का? मॅनेजर म्हणाला, "नको म्हणून टाक, ऑक्टोबरमध्ये पुन्हा मागू." मी नाही म्हटलं. गरज असेल तर ती आहे असंच लिहायचं. शेवटी तो लष्करी तळावरच्या लोकांशी बोलला. एका दौऱ्याचं काम व्हिडिओवर उरकता येत होतं, दुसऱ्याचं नव्हतं. आम्ही एकाच दौऱ्याचे पैसे सोडले.

सहा दिवस संपले तरी दुरुस्तीपत्र आलं नव्हतं. निधी संपल्यावर काम चालू ठेवलं, तर तो खर्च कंपनीच्या जोखमीवर. त्यामुळे देखभालीचं काम तीन दिवस थांबवलं. टीमला राहून गेलेल्या प्रशिक्षणाला बसवलं, आणि ते तास कंपनीने आपल्या अंगावर घेतले. वरिष्ठांना हे आवडलं नाही. ती बैठक माझ्यासाठी सोपी नव्हती.

महिना संपायला आठवडा असताना सही झालेलं पत्र आलं. 0003 मधून वजा, 0002 मध्ये तितकीच अधिक, दोन्हीकडे 'एबी'. आकडे मी दोनदा ताडून पाहिले. मग देखभालीच्या प्रमुख तंत्रज्ञाला फोन करून उद्यापासून 0002 वर काम सुरू करायला सांगितलं. त्याने विचारलं, "प्रशिक्षणाचे तीन दिवस बदलून काही लिहायचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "जे केलंत तेच राहू द्या."