आमची वाटचाल: कातारकामापासून बेस गिटारच्या नेकपर्यंत

वेंगुर्ल्यातलं आमचं वर्कशॉप आज मुख्यतः एकच काम करतं: बेस गिटारच्या नेकवरचं, म्हणजे डाव्या हातात धरायच्या लांब दांड्यावरचं, जुनं फिनिश उतरवणं, नवं चढवणं आणि मग पूर्ण सेटअप, म्हणजे नेकची कमान आणि तारांची उंची जुळवणं. साध्या गिटारी येतात, मेंडोलिन येतात. पण कुडाळ-सावंतवाडीपासून पेडणे-म्हापशापर्यंतचे वादक आम्हाला ओळखतात ते बेसच्या नेकसाठी.

आमचं घर कातारी. बाबा सावंतवाडीत लेथवर बसायचे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणायची. लाटणी, खेळणी, रंगीत फळं असा सगळा माल होता. मी त्याला फर्निचर पॉलिशची जोड दिली. आधी स्पिरिट पॉलिश, मग मेलामाइन, मग पीयू (पॉलियुरेथेन). कर्ज काढून काँप्रेसर आणि स्प्रे गन घेतली, तेव्हा घरात बरीच चर्चा झाली होती.

गिटारही आमच्याकडे पॉलिशवाल्याचं काम म्हणूनच आली. कुडाळच्या एका ऑर्केस्ट्रातला बेसवाला आला आणि म्हणाला, "भाई, पावसात ह्येचो नेक हाताक चिकटता. कायतरी कर रे." नेक मेपलच्या लाकडाचा, त्यावर आरशासारखं ग्लॉस. कोरड्या हाताला सुंदर लागणारं फिनिश घाम आला की अंगठ्याखाली अडतं. पृष्ठभाग अगदी गुळगुळीत असल्यामुळे ओलसर त्वचा त्याला सगळीकडून चिकटून बसते. सॅटिन, म्हणजे कमी चकाकीच्या, फिनिशमध्ये बारीक मॅट पावडर असते. तिच्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, त्वचेचा स्पर्श कमी जागी होतो आणि हात सरकतो. बेसवर ही गोष्ट जास्त जाणवते, कारण 34 इंचांच्या स्केलवर (तारेच्या वाजत्या लांबीवर) डाव्या हाताला मोठमोठ्या उड्या घ्याव्या लागतात.

त्या नेकचं फिनिश उतरवायची गरजच नव्हती. पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी भागावर) चिकटपट्टी लावली, कारण स्टील वूलचे कण चुंबकाला चिकटले की काढता काढता जीव जातो. मग चार शून्यांचं स्टील वूल घेऊन नेकच्या मागच्या बाजूने लांबीच्या दिशेने, एकसारख्या दाबाने फिरवलं. चकाकी गेली, फिनिश शाबूत राहिलं. आजही निम्म्या गिऱ्हाइकांना आम्ही एवढंच करून देतो आणि तेवढेच पैसे घेतो. वर्षभर वाजवल्यावर हाताच्या घासण्याने ती जागा पुन्हा चमकायला लागते, हेही तेव्हाच सांगून ठेवतो.

खरा अभ्यास सुरू झाला तो दमटपणाच्या तक्रारींमुळे. वादक सांगायचे की मे महिन्यात लावून घेतलेला बेस जुलैत वाजत नाही. तारा उचलल्या जातात किंवा फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटतात. बेसच्या चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास असतो. नेक आणि आतला ट्रस रॉड (कमान जुळवायची धातूची सळई) मिळून तो पेलतात. हवेत निम्मी आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा कालांतराने 9 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता 85 टक्क्यांवर राहिली तर तो 17-18 टक्क्यांकडे जातो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर हवा अशीच असते, त्यामुळे लाकडाला ओलावा ओढायला भरपूर वेळ मिळतो.

फिनिश हा ओलावा अडवत नाही, त्याचा वेग कमी करतं. हे वाचून माहीत होतं, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. एकाच मेपलच्या फळीचे सारखे तुकडे कापले. एक कोरा ठेवला, एकावर जवसाचं तेल, एकावर लाखेचं पॉलिश, एकावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, एकावर पीयू. पाऊस लागण्याआधी सगळे वर्कशॉपमध्ये टांगले आणि सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर वजन करत राहिलो. तेलाचा तुकडा कोऱ्याच्या जवळपास बरोबरीने जड होत गेला. पीयूचा बराच काळ जागचा हलला नाही, पण शेवटी त्यानेही वजन घेतलंच. लाखेने मला आनंद दिला. जाड थरात ती वाफ चांगलीच अडवते. मात्र घाम आणि उष्णता तिला सोसत नाही, म्हणून हात लागतो तिथे ती वरचा थर म्हणून चालत नाही. आता आम्ही मेण काढलेली लाख खालचा सीलर म्हणून लावतो आणि तिच्यावर सॅटिन पीयू मारतो. मेण असलेल्या लाखेवर पीयू नीट धरत नाही. बाबांच्या हातातली वस्तू अशी माझ्या कामात टिकली, याचं मला मनापासून समाधान आहे.

सध्या तेलाच्या फिनिशची मोठी हौस आहे. "कोऱ्या लाकडासारखा स्पर्श हवा" असं तरुण वादक म्हणतात. स्पर्श खरोखरच छान असतो, मलाही तो आवडतो. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला मी तो सहजासहजी सुचवत नाही. तेल लावलेला नेक हवेबरोबर पटापट बदलतो. शिवाय मेपल घाम आणि मळ शोषून काळपट पडतं, अधूनमधून साफ करून पुन्हा तेल द्यावं लागतं. कारखान्यातल्या जाड पॉलिएस्टर फिनिशला लोक नावं ठेवतात, ते मला पटत नाही. आपल्या हवेत ते थर लाकडाची फार मोठी सेवा करतात. चिकटपणाचीच तक्रार असेल तर वरचा पृष्ठभाग मॅट करून घ्यावा, थर काढू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस 1951 मध्ये आला तेव्हा त्याचा नेक अखंड मेपलचा होता आणि पुढून-मागून दोन्हीकडे लॅकर होतं. 1959 पासून त्यावर शिसवीच्या जातीच्या लाकडाचा फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट ठोकलेली पुढची पट्टी, बसू लागला, आणि तो कोराच ठेवतात. म्हणजे मागची बाजू बंद आणि पुढची उघडी. ओलावा पुढून लवकर शिरतो, मागून फार हळू. लांबीत लाकूड अगदी नगण्य फुगतं, पण एका बाजूने किंचित जास्त फुगलं तरी नेकची कमान बदलते. त्यात लाकडाचा रेषा कसा आहे, फळी कशी चिरली आहे, यावर दिशा ठरते. म्हणून "पावसात नेक पुढेच वाकतो" किंवा "मागेच जातो" असा सरसकट नियम मी सांगत नाही. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालतो. 0.3 ते 0.4 मिलिमीटर फट मिळाली तर नेकला हात लावत नाही.

घाटावरून येणारे बेस उलटी कथा सांगतात. उन्हाळ्यात पुण्या-सोलापूरच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड रुंदीला आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. इथे आणून पावसात महिनाभर ठेवलं की तीच टोकं आत जातात. घाईने घासून टाकली असती तर पावसाळ्यात फ्रेट आखूड पडल्या असत्या. म्हणून काम घेताना पहिला प्रश्न असतो: बेस वर्षभर राहतो कुठे? एसी खोलीत, देवघराशेजारी, की गाडीच्या डिकीत? या प्रश्नाला काही जण वैतागतात, तरी मी तो सोडत नाही.

धंदा हळूहळू वाढला. दोन मुलं हाताखाली शिकली. त्यातलं एक मडगावला स्वतःचं दुकान चालवतं आणि अवघड नेक अजून आमच्याकडे पाठवतं. मुंबईच्या एका दुकानाने ठेक्याने नेक रंगवायचं काम देऊ केलं होतं, पण प्रत्येक नेकला एकच फिनिश मारायचं होतं, म्हणून नाही म्हटलं.

आमचं वेळापत्रकही हवेनेच ठरवलं आहे. पावसात एनसी लॅकर मारलं तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश पांढरं पडतं. पीयूच्या हार्डनरची पाण्याशी क्रिया होऊन बुडबुडे येतात. म्हणून जून ते सप्टेंबर स्प्रेचं काम बंद असतं. त्या दिवसांत फक्त मॅट करणं, ट्रस रॉड, फ्रेट आणि सेटअप होतं. फिनिश बदलायचं असेल त्यांनी दिवाळीनंतर बेस आणावा. नेक आधी वर्कशॉपमध्ये टांगून कोरडा होऊ देतो, वजन उतरायचं थांबलं की मगच पहिला हात मारतो. किती दिवस लागतील ते लाकूड बघून सांगतो, त्यामुळे लग्नसराईच्या कार्यक्रमासाठी तारीख ठरलेली असेल तर आधी फोन करावा.