तुम्ही विचारलंत म्हणून: एक बोल्ट कमी असला तर चालेल का?

मी स्टीलच्या सांगाड्यांचं डिझाइन करते, आणि बीमच्या जोडातल्या बोल्टचा हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता विचारणाऱ्याचा चेहरा आठवत नाही, फक्त सूर आठवतो. "मॅडम, पाचातला एक बसत नाहीये, चार लावून सोडून देऊ का?" सूर असा की हो म्हणा आणि मोकळं करा. इरेक्टर, म्हणजे स्टील उभारणारे, विचारतात, साइट इंजिनियर विचारतात, प्रोजेक्ट मॅनेजर विचारत नाहीत, सांगतात. ऑफिसात नवीन आलेली मुलं पण विचारतात, त्यांची भाषा जरा वेगळी, "फॅक्टर ऑफ सेफ्टी असतोच ना, मग?" आणि मी फोनवर तिथल्या तिथे उत्तर देत नाही म्हणून मागून मला नकारघंटा म्हणतात हे मला माहितीये. तर एकदाच सगळं लिहून टाकते, यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवीन.

पहिली गोष्ट, बऱ्याच वेळा चालतं. हो, मीच लिहितेय हे. बोल्टची संख्या बरेचदा भारावरून ठरतच नाही, बीमची खोली, स्टँडर्ड डिटेल, डिटेलरला, म्हणजे जोडांची ड्रॉइंग काढणाऱ्याला, सगळीकडे एकच क्लीट (जोडपट्टी) वापरायची असते, अशा कारणांनी ठरते. तीन पुरले असते तिथे पाच असतात. तुमचा अंदाज चुकीचा नसतो, राग मला त्याचा नाही. राग याचा की तुम्हाला वाटतं उत्तर बोल्ट मोजून मिळतं.

साधं उदाहरण घ्या. बीमच्या टोकाला फिन प्लेट, म्हणजे कॉलमला वेल्ड केलेली आणि बीमला बोल्टनं जोडलेली पट्टी, एका उभ्या रांगेत पाच एम-२० (२० मिलिमीटर जाडीचे) बोल्ट, ग्रेड ८.८ म्हणजे हाय टेन्साइल, जास्त ताकदीचे, पिच, म्हणजे दोन बोल्टमधलं अंतर, ७० मिलिमीटर. टोकाचा फॅक्टर्ड शिअर, म्हणजे सुरक्षेसाठी वाढवून धरलेला, बोल्टला कापू बघणारा भार, २०० किलोन्यूटन. बोल्टची रांग वेल्डपासून ६० मिलिमीटर लांब, म्हणजे नुसता शिअर नाही, वळवणारा मोमेंट पण आला. पाच बोल्ट असताना सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या बोल्टवर साधारण ५३ किलोन्यूटन येतात. आता टोकाचा एक काढा. तुम्ही म्हणणार पाचाचे चार झाले, २५ टक्के वाढ, म्हणजे ६६. नाही. ७२ येतात. कारण मोमेंट तेवढाच राहिला आणि रांग मात्र आखूड झाली. आणखी एक टोकाचा काढा, तीन राहिले, तर १०९ च्या आसपास. पाचातले दोन गेले आणि टोकाच्या बोल्टवरचा भार दुपटीच्या वर गेला. जिन्यावरून कपाट उतरवताना एक जण बाजूला झाला की बाकीच्यांवर सारखं वाटून येत नाही, ज्याच्यावर यायचं त्याच्यावरच येतं, तसंच हे.

बरं, बोल्ट स्वतः किती घेतो? बोल्ट जिथं कापला जाईल तिथंच आटे (थ्रेड) आहेत असं धरलं तर हिशेबानं साधारण ९०. ७२ ला ९० म्हणजे आरामात बसलं, असं वाटेल. पण बोल्ट बीमच्या ज्या वेबमध्ये, म्हणजे उभ्या पत्र्यात, आहे तो ८ मिलिमीटरचा, भोक २२ चं, कडेपासून ४० वर. तिथं बेअरिंगला, म्हणजे बोल्ट भोकाच्या कडेला दाबतो ते सोसायला, आयएस ८०० च्या (स्टील बांधकामाच्या भारतीय नियमावलीच्या) सूत्रानं ७९ मिळतात. म्हणजे कच्चा दुवा बोल्ट नाहीच, त्याच्या भोवतालची प्लेट आहे. आणि "बोल्ट तर हाय टेन्साइल आहे" हे वाक्य मला ऐकवलं जातं ते नेमकं अशाच ठिकाणी. असेल हो हाय टेन्साइल. वेब नाहीये.

आणि तो फॅक्टर ऑफ सेफ्टी, सुरक्षेसाठी जास्तीची धरलेली ताकद. ९० आणि ७९ हे आकडे १.२५ नं भागून आलेले आहेत, भाराला आधीच १.५ नं गुणलेलं आहे. हे तुमच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे नाहीत. स्टील जरा कमी निघालं, भोक जरा सरकलं, मशिन जरा जड आलं, अशा ज्या गोष्टींसाठी मला कोणी फोन करत नाही त्यांच्यासाठी ते आहेत. तुम्ही फोन करता ती गोष्ट त्यातूनच काढायची म्हणता, तर मग बाकीच्यांसाठी काय उरलं?

आता ती साइट. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, नाव घेत नाही. वरचे आकडे तिथलेच आहेत. मशिनच्या प्लॅटफॉर्मचा बीम, क्रेनवर लटकलेला, चार भोकं जुळली, सगळ्यात खालचं जुळत नाही. फोन आला. मी विचारलं की एकच सरकलंय की सगळी थोडी थोडी? कारण एकच चुकलं असेल तर मार्किंगची चूक, पण सगळी एकाच बाजूला गेली असतील तर कॉलमच ओळंब्यात नाही आणि मग बोल्टचा प्रश्न दुय्यम. "एकच, मॅडम." बाकीच्या भोकांना हात लावलाय का? मोठं करायला रीमर, गॅस कटर, काही? "नाही मॅडम, बाकी सगळं ओके."

मला वेळ लागला. बोल्टचा हिशेब दहा मिनिटांचा असतो, वेळ लागला तो भार शोधायला. मशिनवाल्यांनी वजन दोनदा बदललं होतं आणि ड्रॉइंगवर जुनाच आकडा होता. नव्या वजनानं कॉम्प्युटरवर हिशेबाचं मॉडेल परत चालवून २०० पर्यंत पोचेस्तोवर दुपार उलटली, क्रेन तशीच उभी. मग लेखी कळवलं, या एका जोडाला चार बोल्ट चालतील, बाकी भोकं मूळ मापाची आहेत असं धरून.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. "७२ आणि ७९, म्हणजे चालतच होतं ना? मग अर्धा दिवस क्रेन का उभी ठेवली?" मी म्हणाले चालत होतं हे मला दुपारी कळलं, सकाळी माहिती नव्हतं. कोणीतरी हसलं. मला तेव्हा जे वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे वाक्य इतकं साधं आहे आणि तरी मी ते आजपर्यंत कुणाला पटवू शकलेले नाही, की उत्तर शेवटी हो आलं म्हणजे ते सुरुवातीपासून हो होतं असं नसतं.

पण खरा त्रास पुढे झाला. दोन दिवसांनी इन्स्पेक्शनचे फोटो आले, त्यात त्या जोडाच्या एका नटाखाली चौकोनी, चांगला मोठा प्लेट वॉशर. बाकीच्या तिघांखाली साधे गोल. मोठा वॉशर कोणी हौसेनं लावत नाही. मी म्हणाले तो काढून फोटो पाठवा. खूप टाळाटाळ झाली, मग फोटो आला. वेबमधलं भोक गॅसनं बीमच्या टोकाच्या बाजूला वाढवलेलं, साधारण २८ चं, कडा वितळून दातेरी झालेल्या. आणि कुठलं भोक, तर उरलेल्या चारातलं सगळ्यात खालचं. ज्याच्यावर ७२ येणार तेच. भोक २८ आणि कडेचं अंतर ३७ धरून सूत्रात टाकलं तर वेबची बेअरिंग ७९ वरून ५८ वर येते. खरं तर ते सूत्र ड्रिल केलेल्या नीट भोकाचं आहे, दातेरी भोकासाठी त्यात काही लिहिलेलंच नाही.

मी परवानगी मागे घेतली. आणि बोलणी मलाच बसली. "परवा हो म्हणालात, आज नाही म्हणता, मॅडम तुमचं एकदा काय ते ठरवा." मी म्हणाले माझं ठरलेलं होतं, तुमचं भोक बदललं. उपयोग शून्य. ईमेलच्या त्या साखळीत शेवटी राहिलं ते एवढंच, की डिझाइनरनं निर्णय बदलला.

ज्या फिटरनं ते भोक कापलं होतं त्याच्याशी मी नंतर बोलले. तो लपवत नव्हता. तो म्हणाला, "तुम्ही तर जो बोल्ट बसत नाही त्याचं विचारलं होतं, हा तर बसला." आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे, त्याच्यासाठी प्रश्न बोल्ट बसतो की नाही एवढाच होता, आणि त्यानं तो बसवून दाखवला. माझा प्रश्न तिघांच्या तोंडून फिरून त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातला गॅसचा भाग गळून गेला असणार. त्याच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग साइटचा पुढचा तोडगा, "चार टाके वेल्डचे मारतो, बोल्ट आहेतच, दोन्ही मिळून घेतील." नाही घेणार. बोल्ट भोकात दोन मिलिमीटर सैल असतो, भार घ्यायच्या आधी त्याला सरकून कडेला टेकावं लागतं. वेल्ड जागचा हलत नाही, तो पहिल्या क्षणापासून सगळा भार घेतो, आणि टाका छोटा असेल तर बोल्ट टेकायच्या आधीच तो फाटतो. म्हणून वेल्ड करायचा तर अख्ख्या २०० साठी करायचा, बोल्ट हिशेबात धरायचेच नाहीत. तसाच केला शेवटी. परत क्रेन, परत मीटिंग.

आता प्रामाणिकपणे. तो जोड तसाच सोडला असता तर पडला असता का? बहुतेक नाही. २०० हा फॅक्टर्ड आकडा, तेवढा भार रोज येत नाही. स्टील जरा दबलं असतं, भोकं थोडी लांबोळकी झाली असती, भार शेजारच्या बोल्टवर सरकला असता, कदाचित वीस वर्षं कुणाला पत्ता लागला नसता. म्हणजे मी बरोबर होते हे सिद्ध करणारी घटना घडलीच नाही, आणि ती घडू नये म्हणूनच तर मला पगार मिळतो. या धंद्यात तुम्ही बरोबर असल्याचा पुरावा कधी हातात येत नाही. विचारणाऱ्यांकडे मात्र पुरावा असतो, "मागच्या साइटवर असंच केलं, काही झालं नाही."

पूर्वी मी यावर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं उदाहरण फेकायचे. १७ जुलै १९८१, हयात हॉटेलच्या आतले, रॉडनं एकाखाली एक टांगलेले पूल कोसळले, ११४ माणसं गेली, आणि कारण काय तर वरपासून खालपर्यंत एक सलग रॉड होता त्याऐवजी सोयीसाठी दोन वेगळे केले. दिसायला किरकोळ बदल, पण त्यानं वरच्या पुलाच्या नटाखालचा भार दुप्पट झाला. एखादा माणूस एका बोल्टचं विचारायला आला की मी त्याच्यापुढे ११४ मृत्यू ठेवायचे. आता वाटतं तो अन्याय होता, आणि अर्धवटही होतं, कारण चौकशीत निघालं की मूळचा सलग रॉडचा डिटेलसुद्धा नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच होता. म्हणजे फक्त बदल करणारा दोषी नव्हता, डिझाइनच्या टेबलावरही भोक होतं. हा भाग मी सोयीनं गाळायचे. पण मग दुसरं मन म्हणतं की तेव्हा निदान लोक घाबरून गॅस कटर खाली तरी ठेवायचे, आता मी समजावून सांगते आणि ते मान हलवून जातात. कुठलं बरं ते मला खरंच ठरवता आलेलं नाही.

स्लिप क्रिटिकल जोडांचं, म्हणजे जे जरासुद्धा सरकून चालत नाहीत त्यांचं, तर वेगळंच आहे. तिथं बोल्ट शिअर घेतच नाही, तो दोन प्लेटा दाबून धरतो आणि घर्षण काम करतं. ग्रिट ब्लास्ट केलेल्या (कणांचा मारा करून खरखरीत केलेल्या) पृष्ठभागाला घर्षणाचा गुणांक ०.५ धरतो, त्यावर कोणी रेड लेड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, मारला की ०.१. सगळे बोल्ट जागेवर, सगळे नवीन, टॉर्क रेंच लावलेले, आणि ताकद एक पंचमांश. त्या टॉर्कचं पण फार कौतुक नको, त्यातला साधारण नव्वद टक्के नटाच्या घर्षणात जातो, बोल्टच्या ताणाला दहा टक्क्यांच्या आसपास उरतो, थ्रेड कोरडे की तेल लावलेले यावर सगळं फिरतं. आणि गंमत म्हणजे रंग मारला तर चालेल का असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. बोल्ट दिसतो म्हणून त्याचं विचारतात.

त्या साइटनंतर त्या टीमचे फोन कमी झाले. भोकं जुळायला लागली म्हणून, की विचारणंच बंद झालं म्हणून, मला माहिती नाही. मॅनेजर म्हणतात क्वालिटी सुधारली. असेल. म्हणून सांगते, माझ्या उत्तराला वेळ लागतो, कधी चिडचिड पण होते माझी, तरी विचारत जा. कितवा बोल्ट, कडेपासून अंतर किती, बाकीच्या भोकांचं काय केलंय, एवढं सांगा आणि फोटो पाठवा. वॉशर काढून.