तुम्ही विचारलंत म्हणून : समुद्रासाठी नागपूरहून थेट वर्कलाला कशाला?

कोकण आहे, गोवा आहे, मग समुद्र पाहायला केरळच्या दक्षिण टोकाजवळच्या वर्कलाला का जाता, असे मला धरमपेठेतले शेजारी विचारतात आणि हल्ली सर्फिंगचे वेड लागलेली त्यांची मुलेही विचारतात. माझे उत्तर असे आहे की, एकाच किनाऱ्यावर श्राद्ध करणारे, मासे पकडणारे आणि लाटेवर उभे राहायला शिकणारे लोक एकमेकांना बाजूला न सारता वावरताना मी वर्कलात पाहिले आणि त्या सहवासाची मला ओढ लागली.

तिथे समुद्राच्या अगदी काठावर लालसर कडा उभा आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा बेसाल्ट पाहत वाढलेल्या आपल्याला खडक म्हणजे न हलणारी गोष्ट वाटते. वर्कलाचा कडा मात्र वाळू आणि मातीच्या थरांचा, वरून जांभा असलेला आणि ठिसूळ आहे. पावसाचे पाणी वरच्या सच्छिद्र थरांतून झिरपते, खालच्या चिकणमातीशी अडते आणि कड्याच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. हेच पाणी कड्याला आतून पोखरते आणि लाटा पायथा खातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हा कडा भूवैज्ञानिक स्मारक ठरवला आहे, आणि २०२५ साली आपल्या पाचगणी-महाबळेश्वरच्या लाव्हाथरांबरोबरच तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. तरीही काठावर हॉटेले दाटीने उभी आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कड्याच्या दक्षिणेकडच्या पापनाशम किनाऱ्यावर, जनार्दनस्वामींच्या देवळाच्या खालच्या अंगाला, लोक पितरांना पिंड देतात. कर्किडकम या मल्याळी महिन्याच्या (जुलै-ऑगस्ट) अमावास्येला तिथे मोठी गर्दी होते. रामटेकच्या अंबाळा तलावावर असे विधी पाहिलेल्या वैदर्भीय माणसाला त्यात परके काहीच वाटत नाही. पर्यटकांनी तिथे आवाज आणि कॅमेरा दोन्ही आवरावेत, एवढीच माझी विनंती आहे.

उत्तरेला चालत गेले की काळ्या वाळूचा तिरुवंबाडी किनारा लागतो, पुढे ओडयम आणि मग इडवा. सर्फिंग शिकायचे असेल तर मी इडव्याचे नाव सांगतो. दक्षिण हिंदी महासागरात दूरवर उठलेल्या लाटा इथवर पोहोचतात, आणि सकाळी जमिनीकडून वारा असताना त्या नीट, एकसंध फुटतात. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पाणी विस्कटते. म्हणून शिकवणी पहाटेच सुरू होते. सुरुवातीला कोणी खोल पाण्यात नेत नाही. कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावर मऊ आणि लांब फळी घेऊन पालथे पडायचे, हातांनी पाणी मारायचे आणि फळीला वेग आला की दोन्ही पाय एकदम छातीखाली ओढून उभे राहायचे.

नागपूरच्या अंबाझरी आणि फुटाळा तलावांच्या स्थिर पाण्याची सवय असलेल्यांनी एक गोष्ट घरूनच शिकून जावी. किनाऱ्यावर आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत आत जाते, आणि तिथे लाटा कमी फुटत असल्यामुळे नवख्या माणसाला तीच जागा सर्वांत शांत वाटते. त्या ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे आणि मगच काठाकडे वळावे. लाल बावटा दिसला तर पाण्यात पाऊल टाकू नये, मग प्रवास कितीही लांबचा असो.

त्याही पुढे कापिल आहे. तिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडीचे संथ पाणी असून मधून रस्ता जातो. तिथे संध्याकाळ पुरते.

नागपूर तापले की मे महिन्यात निघण्याचा मोह होतो, पण केरळात मोसमी पाऊस साधारण १ जूनला पोहोचतो, त्याआधीच समुद्र खवळू लागतो आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरची बरीच वाळू लाटा ओढून नेतात. नवशिक्यांसाठी डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. केरळ एक्स्प्रेस नागपूरहून वर्कला शिवगिरी स्थानकापर्यंत थेट नेते. मात्र ३० डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत केरळचे समाजसुधारक संत नारायण गुरू यांच्या समाधीस्थानी शिवगिरीची यात्रा भरते आणि पिवळ्या वस्त्रांतले यात्रेकरू दूरदूरून येतात. ती पाहायची असेल तर आरक्षण फार आधी करावे. केवळ समुद्रासाठी जाणाऱ्यांनी जानेवारीचा दुसरा आठवडा निवडावा.