जुनं पाठांतर, नवं पुस्तक

शनिवार, रात्र

आजची नोंद नियमांचीच. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्र बनून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ची. तिचीच सुधारलेली पुस्तकं तीन टप्प्यांत आली: सप्टेंबर २०२४मध्ये प्लेयर्स हँडबुक, नोव्हेंबरात डंजन मास्टर्स गाइड आणि फेब्रुवारी २०२५मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल. वीस पैलूंचा फासा तोच, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) तोच, प्रोफिशिअन्सी बोनसही (सरावाचे जादा गुण) तोच. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी परतलेला खेळाडू निर्धास्त असतो. नवख्याला काही येत नाही म्हणून तो पान उघडून बघतो. जुन्याला सगळं तोंडपाठ, तो कशाला बघेल? आणि नेमकं तिथेच फसायला होतं, कारण कित्येक नियमांची नावं तीच ठेवून आतला माल बदललाय.

पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा डिव्हाइन स्माइट घ्या. पूर्वी वार लागला की स्लॉट (जादूच्या मोजक्या साठ्यातला एक) खर्च करायचा आणि जादा फासे टाकायचे. दोन वार लागले तर दोनदा. आता तो रीतसर स्पेल (मंत्र) आहे आणि त्याला बोनस ॲक्शन (टर्नमध्ये एकदाच मिळणारी छोटी जादा कृती) लागते. म्हणजे एका टर्नमध्ये एकदाच, आणि त्याच टर्नमध्ये जखम भरणारा हीलिंग वर्डही टाकता येत नाही, कारण त्यालाही बोनस ॲक्शनच लागते. वर स्पेल झाल्यामुळे समोरचा जादूगार त्यावर काउंटरस्पेलही (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) टाकू शकतो. अर्थात काउंटरस्पेलही बदललाय: तिसऱ्या किंवा खालच्या लेव्हलचा स्पेल पूर्वीसारखा आपोआप हाणून पाडला जात नाही, ज्याच्यावर टाकला तो कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे बचावाची टाकी, करतो, आणि सेव्ह हुकला तरी त्याचा स्लॉट वाचतो. पॅलाडिनवाले यावर कुरकुरतात. पण एका टर्नमध्ये सगळे स्लॉट ओतून मोठा राक्षस आडवा करायचा प्रकार थांबला, हे बरंच झालं.

बाकीचे बदल भराभर. जखम भरणारा क्युअर वूंड्स आता २डी८ (आठ पैलूंचे दोन फासे), हीलिंग वर्ड २डी४. औषधाची बाटली बोनस ॲक्शनमध्ये पिता येते. लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) हिट डाइस (जखमा भरायला वापरायचे फासे) अर्धे नाही, सगळे परत मिळतात. एक्झॉशनचा (थकव्याचा) तो सहा ओळींचा तक्ता गेला. आता प्रत्येक पातळीमागे डी२०च्या (वीस पैलूंच्या फाशाच्या) टाकीतून २ वजा, वेगातून ५ फूट वजा, आणि सहाव्या पातळीला मृत्यू पूर्वीसारखाच. अचानक हल्ला झाला तर टर्न बुडत नाही, फक्त इनिशिएटिव्हवर (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या टाकीवर) डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला कमी आकडा धरायचा. जुनं ॲडव्हेंचर चालवणाऱ्या डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) हे आधीच लक्षात ठेवावं, कारण दबा धरून बसलेल्या टोळीला एक फुकट फेरी मिळणार हे गृहीत धरून रचलेल्या लढाया आता मवाळ पडतात. लपण्याचा नियम मात्र वाचून डोकं धरावं असा लिहिलाय: आडोसा हवा, स्टेल्थ (लपण्याची टाकी) १५ यायला हवा, आणि जमलं की म्हणे तुम्ही ‘इनव्हिजिबल’ (अदृश्य). आडोशातून उघड्यावर आल्यावर नेमकं काय, हे डीएमने पहिल्या सेशनलाच ठरवून टाकावं.

खरं नवीन काय, तर वेपन मास्टरी, म्हणजे प्रत्येक शस्त्राची खास करामत. फायटरला पहिल्या लेव्हलला तीन शस्त्रांची मिळते. बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि रोग (rogue, चोरटा) यांना दोन-दोन. ग्रेटसोर्डला ग्रेझ आहे, म्हणजे वार हुकला तरी स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) मॉडिफायरइतकं, म्हणजे त्या गुणामुळे टाकीत मिळवायच्या आकड्याइतकं, नुकसान. लाँगसोर्डला सॅप (समोरच्याचा पुढचा वार कमजोर), लाँगबोला स्लो (समोरच्याचा वेग कमी). सगळ्यात जास्त वेळ खाते ती मॉल या मोठ्या हातोड्याची टॉपल. वार लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह करायचा, हुकला तर तो खाली पडतो. डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) ८ अधिक मॉडिफायर अधिक प्रोफिशिअन्सी. पाचव्या लेव्हलचा, १८ स्ट्रेंग्थचा फायटर असेल तर ८+४+३, म्हणजे १५. हा आकडा शीटवर शस्त्रासमोरच लिहून ठेवावा, नाहीतर प्रत्येक वाराला बेरीज आणि खेळ रेंगाळतो. शिवाय इनिशिएटिव्हचा क्रम बघावा लागतो. फायटरच्या लगेच नंतर त्याच राक्षसाचा टर्न असेल तर तो अर्धी चाल खर्चून उठतो आणि पाडल्याचा फायदा कुणालाच नाही. मध्ये रोगचा टर्न असेल तर त्याला जवळून ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला जास्त आकडा), म्हणजे स्नीक अटॅक (त्याचा जादा नुकसानाचा वार) हातात आलाच. पण लांबून बाण मारणाऱ्याला पडलेल्यावर डिसॲडव्हान्टेज. तेव्हा कुणाला पाडायचं हे तिरंदाजाला विचारून ठरवलेलं बरं.

जुनं कॅरेक्टर नव्यात आणताना हमखास होणारी गडबड ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, काटकपणा वगैरेंच्या गुणांची). नव्या पुस्तकात वाढीव गुण बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वायुष्यातून) मिळतात: एकाला २ आणि एकाला १, किंवा तिघांना एकेक. जुन्या पुस्तकातली स्पीशीज (पात्राचा वंश) घेतली तर तिचे गुण सोडून द्यायचे. ते धरले तर दुप्पट वाढ होते, आणि ती कळते फार उशिरा, जेव्हा एकाचेच वार सारखे लागायला लागतात. बॅकग्राउंड जुनं असेल तर गुण हवे तसे वाटा आणि एक ओरिजिन फीट (सुरुवातीचं खास कौशल्य) घ्या. सबक्लास (फायटर, रोग अशा वर्गाची उपशाखा) सगळ्यांना आता तिसऱ्या लेव्हलला. जुन्या सबक्लासमध्ये पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला जे मिळायचं, तेही तिसरीलाच द्यायचं.

डीएमसाठी लढाईचं गणित सोपं झालंय, आणि म्हणूनच जपून. राक्षसांच्या संख्येचा गुणक काढून टाकलाय. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना मध्यम लढाईचं बजेट २२५ गुणिले ४, म्हणजे ९०० एक्सपी (राक्षस मारल्याचे अनुभवगुण). ४५०चे दोन ओगर बरोबर बसतात. जुन्या हिशोबात दीडचा गुणक लागून ते १३५० व्हायचे आणि लढाई ‘हार्ड’ ठरायची. पण त्याच ९००मध्ये ५० एक्सपीचे अठरा गॉब्लिनही बसतात! कागदावर मध्यम, पटावर अठरा टाकी विरुद्ध चार. माणशी दोनपेक्षा जास्त राक्षस असतील तर पटकन मरणारे घ्या, असं पुस्तक सांगतं खरं. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला तर ते कसोशीने पाळावं.

आणि जुन्या ॲडव्हेंचरमधला राक्षस नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याच नावाने असेल तर नवाच घ्यावा, पण नोंद आधी वाचून. साधा लांडगा पूर्वी चावला की डीसी ११चा स्ट्रेंग्थ सेव्ह मिळायचा. आता सेव्ह नाही, चावा लागला की माणूस थेट खाली. पहिल्या लेव्हलला चार लांडगे सोडायचे असतील तर तीनच सोडा.