कुणाचा रे तू?

गावाकडे अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं पहिलं काय विचारायची तर कुणाचा रे तू? सिडनीत वेंटवर्थव्हिलला भाड्याने घर घेतलं तेव्हा समोरच्या आजोबांनी कचऱ्याचा डबा रस्त्यावर आणता आणता मला अगदी हेच विचारलं, फक्त त्यांना आडनाव नको होतं, "फुटी"त, म्हणजे इथल्या रग्बीत, मी कुणाच्या बाजूचा ते हवं होतं. म्हटलं मी क्रिकेटवाला. ते म्हणाले असशील, पण राहतोस इथे ना, मग तू पॅराचा. झालं, एवढ्यावर माझी भरती.

पॅरा म्हणजे पॅरामॅटा ईल्स. खेळ रग्बी लीग, एका बाजूला १३ जण, सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांना द्यायचा, बाकीचे नियम मला अजून नीट कळत नाहीत आणि पंचाला शिव्या द्यायला ते लागतही नाहीत. ईल म्हणजे आपली वाम. पॅरामॅटा हे नावच इथल्या मूळच्या दारुग लोकांच्या भाषेतलं, वामी सापडतात ती जागा. आईला सांगितलं तर म्हणाली, टीमला मासळीचं नाव? वाघ सिंह संपले होते का? (वाघ इथे दुसऱ्या टीमकडे आहेत.)

आजोबांचा आवडता विषय १९८१. क्लब सुरू झाला १९४७ला, पहिलं विजेतेपद मिळायला ३४ वर्षं लागली. न्यूटाऊनला २०-११ हरवलं आणि त्या रात्री लोक नाचत गात आपल्या मैदानावर, कंबरलँड ओव्हलवर, परत आले आणि आनंदाच्या भरात स्वतःचाच लाकडी स्टँड पेटवून दिला! म्हणजे हरल्यावर जाळपोळ समजू शकतो मी, पण जिंकून स्वतःचं घर जाळायचं? आजोबा दर वेळी शेवटी म्हणतात "मी नव्हतो हं त्यात", आणि दर वेळी इतकं गोड हसतात की मी पुढे विचारत नाही. मग ८२ ते ८५ घरच्या मॅचेस खेळायला बेलमोरला जावं लागलं, म्हणजे चक्क कँटरबरीच्या मैदानावर, ज्यांच्याशी हाडवैर त्यांच्याच पडवीत बिऱ्हाड. नवं स्टेडियम झालं १९८६ला, त्याच वर्षी त्याच कँटरबरीला फायनलमध्ये ४-२ हरवलं, दोन्हीकडून एकही ट्राय (म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) नाही, सगळे पॉइंट बॉलला लाथा मारून. विजेतेपद ते शेवटचं. ते स्टेडियमही पुढे पाडलं आणि २०१९ला त्याच जागी आणखी नवं आलं, पण कप काही आला नाही. त्यामुळे इथे ८६ म्हटलं की वर्ष कुठलं ते सांगावं लागत नाही.

मॅचच्या दिवशी ट्रेनने दोन स्टेशनं, मग चर्च स्ट्रीटवरून निळ्यापिवळ्या गर्दीतून चालत. लेबनीज, सामोअन, गुजराती, तेलुगू, आणि आजोबांसारखे जुने गोरे. एरवी यातले निम्मे लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघत नाहीत, पण बॉल हातातून सुटला की सगळे एका सुरात आई गं करतात, आपापल्या भाषेत. मला खरं सांगायचं तर इथलं नागरिकत्व मिळालं त्या दिवशी फार काही वाटलं नव्हतं. पण एकदा मागच्या रांगेतल्या दांडग्या बाईने माझ्या खांद्यावर थाप मारून "आपलं नशीबच असलं" असं म्हटलं ना, त्या आपलं मध्ये मी होतो.

२०२२ला फायनल गाठली, समोर पेनरिथ, म्हणजे पँथर्स. नवरात्र चालू होतं, बायकोने देवीपुढे साखर ठेवली. हाफटाइमला १८-०. शेवटी २८-१२ने हरलो. आजोबा शेवटची वीस मिनिटं आमच्या सोफ्यावर टोपी हातात धरून बसले होते, आणि लेक, जी इथेच जन्मली, ती रडत होती, तिला मी गप्प करायला गेलो तर आजोबा म्हणाले रडू दे, सवय व्हायला हवी.

त्यात आमचा एक मित्र, सातारचा, इथे आल्यावर दोन वर्षं आमच्याच गल्लीत राहिलेला, पेनरिथकडे घर घेतलं आणि सहा महिन्यांत काळी जर्सी. त्या रात्री त्याने ग्रुपवर काळ्या पँथरचे अकरा फोटो टाकले. मोजले मी. दिवाळीपर्यंत म्यूट केला होता त्याला, फराळाला बोलावलं, पण चकल्या डब्याच्या तळाच्या दिल्या.